आमचं मैदान पडीक नाही: महापालिका आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
माननीय आयुक्त साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीत वाहक आहे. पहिल्या गाडीची ड्युटी असली की पहाटे चारला उठते, दुपारी हिशेब भरून डेपोतून सुटते, घरी डबा ठेवते आणि पाचच्या आत पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर पोचते. गेली अकरा वर्षं हा नेम आहे. तिथे आमच्या वस्तीतल्या मुली खो-खो खेळतात, मी त्यांना शिकवते. मला कुणी नेमलेलं नाही, मानधन नाही आणि ते मागायला हे पत्र लिहीत नाही. सहावीत असताना याच मैदानावर मी पहिला खो दिला होता, म्हणून मी तिथे जाते.

गेल्या महिन्यात आपल्या सहीने आदेश निघाला, की हे मैदान दहा वर्षांसाठी खासगी ठेकेदाराला चालवायला द्यायचं. तो तिथे कृत्रिम हिरवळीचं टर्फ करणार, भोवती जाळी उभारणार आणि तासाला बाराशे रुपये भाडं घेणार. गेटवर फलक लागला त्या संध्याकाळी मुली त्याच्यासमोर उभ्या राहून एकेक ओळ वाचत होत्या. सहावीतली एक म्हणाली, "ताई, बाराशे भागिले बारा म्हणजे शंभर ना?" आमचा संघ बारा जणींचा आहे, म्हणून तिने बाराने भागलं होतं. एका तासाचे शंभर रुपये. तिच्या आईला एका घरच्या भांड्यांचे महिन्याला आठशे मिळतात. भागाकार बरोबर आला म्हणून मी तिला शाबासकी दिली आणि पुढे काय बोलावं ते मला सुचलं नाही.

या आदेशाला जोडलेली टिप्पणी मी माहितीच्या अधिकारात मागवली. तिच्यात एक वाक्य आहे: "सदर मैदान वापराविना पडीक असून तेथे गैरप्रकार चालतात." साहेब, हे पत्र त्या एका वाक्यामुळे लिहिते आहे. पाहणी सकाळी साडेअकरा वाजता झाल्याचं त्याच कागदावर नोंदवलेलं आहे. साडेअकराला मुली शाळेत असतात. ज्या शाळेत जात नाहीत, त्या आईबरोबर कामावर असतात. मैदान रिकामंच दिसणार. संध्याकाळी साडेपाचला कुणी आलं असतं, तर त्याला अडतीस मुली दिसल्या असत्या आणि पलीकडच्या अर्ध्या भागात कबड्डीची वीस-बावीस पोरं.

गैरप्रकार चालतात, हे मात्र खरं आहे. रात्री तिथे बाटल्या फुटतात. म्हणून आमचा सराव काचा वेचण्यापासून सुरू होतो. सगळ्या मुली एका रांगेत, एकमेकींपासून हातभर अंतरावर बसतात आणि बसल्याबसल्या पुढे सरकत जातात. हाताने माती चाचपायची आणि सापडेल ती काच पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात टाकायची. लहान मुलींचे हात नाजूक असतात आणि त्यांना बारीक काच आधी सापडते, म्हणून त्यांना मध्ये बसवतो. दहा-बारा मिनिटं जातात. अनवाणी सूर मारायचा तर एवढं करावंच लागतं. पडीक जमिनीतली काच कोणी रोज वेचत नाही, साहेब.

आता हा खेळ या मुलींसाठी काय करतो ते सांगते, कारण टिप्पणीत त्यासाठी रकानाच नाही.

खो-खोत नऊ जणी आक्रमणाला उतरतात. आठ जणी मधल्या पाटीतल्या चौकोनांत बसतात, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. नववी पाठलाग करते. बसलेलीला आपल्या मनाने उठता येत नाही. पाठीवर थाप पडून मागून 'खो' ऐकू आला की उठायचं आणि जिने खो दिला ती तुमच्या चौकोनात बसते. घरात जिला दिवसभर "ए पोरी, पाणी आण" एवढंच ऐकू येतं, तिची इथे आठ जणी वाट बघत असतात. एक चौकोन रिकामा राहिला तर डाव मांडता येत नाही. त्यामुळे कुणी दोन दिवस दिसली नाही की तिसऱ्या दिवशी चौघी तिच्या दारात जाऊन उभ्या राहतात. गरिबाचं मूल हरवतं तेव्हा पहिल्यांदा ते मोजणीतून हरवतं. हजेरीपटावर लाल रेघ पडते आणि पुढे कुणी विचारत नाही. संघात तसं होत नाही, कारण जागा डोळ्यांसमोर रिकामी दिसते. मला या पत्रात मुख्य सांगायचं आहे ते हेच. पदक, प्रमाणपत्र, नोकरी हे सगळं नंतरचं.

माझंच बघा. मी सहावीत असताना वडील बांधकामावर परांचीवरून पडले आणि कायमचे घरी बसले. आई कामाला जायची, धाकटा भाऊ माझ्या कडेवर. शाळा सुटण्यातच जमा होती. पीटीच्या सरांनी मला घरून बोलावून आणलं, भावाला मैदानाच्या कडेला बसवलं आणि त्याच्या हातात शिट्टी दिली. तो शिट्टी वाजवत बसायचा आणि मी पळायचे. सर आज हयात नाहीत. मला मोठं यश मिळालं असंही नाही. जिल्ह्याकडून दोनदा राज्य स्पर्धेला गेले, दोन्ही वेळा लवकर हरलो. पण परगावी शाळेच्या वर्गात सतरंजीवर अकरा जणींबरोबर झोपायला शिकले. पंचांनी चुकीचा निर्णय दिला तर आवाज न चढवता दाद मागायला शिकले. आज भरलेल्या गाडीत कुणी दारू पिऊन बायकांच्या सीटजवळ त्रास द्यायला लागला, तर मी घंटी देऊन गाडी थांबवते आणि त्याला खाली उतरवते. पोटात गोळा येतो, तरी पाय हलत नाहीत. खांबाजवळ समोरून अंगावर येणारीला शेवटच्या क्षणापर्यंत येऊ द्यायचं आणि मग हुलकावणी द्यायची, हे ज्या पायांनी हजारदा केलं तेच हे पाय आहेत.

चार वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं. आपल्या राज्यात हे नवं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयोगटातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मी तिच्या घरी गेले, २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा सांगितला, मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर सांगितला. वडील हातगाडीवर भाजी विकतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि मत बदललं नाही. दुसऱ्या दिवशी मुली गेल्या. त्या कायद्याचं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, शनिवारी जिल्हा स्पर्धा आहे, खांबावर हीच खेळते. हिच्याशिवाय आम्ही हरणार." शनिवारी गाडी पुतण्याकडे देऊन ते स्वतः बघायला आले. तिने त्या दिवशी बाद न होता साडेतीन मिनिटं पळती केली. शेवटच्या मिनिटाला अख्खं मैदान तिच्या नावाने ओरडत होतं. अनोळखी माणसं आपल्या मुलीचं नाव घेतात, हे त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. परत येताना ते एवढंच म्हणाले, "दहावी होऊ दे." दहावी झाली, बारावीही झाली. आता ती पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. ती याच मैदानाच्या कडेने फेऱ्या मारते आणि मी घड्याळ धरून उभी असते.

सगळ्यांचं असं होतं असं मी म्हणणार नाही. मागच्या दिवाळीनंतर एक मुलगी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. फेब्रुवारीत तिचा फोटो आला, गळ्यात मंगळसूत्र. सोळा वर्षांची आहे. ती जिथे होती तिथे मैदान नव्हतं, संघ नव्हता, दारात उभ्या राहणाऱ्या चौघी नव्हत्या. तिचा गुडघ्याचा पट्टा अजून माझ्या पिशवीत आहे.

पलीकडच्या कबड्डीच्या पोरांबद्दलही लिहायला हवं. त्यांना शिकवणारा दादा रिक्षा चालवतो. त्याचा नियम एकच, तोंडात काही असेल तर मैदानात पाय टाकायचा नाही. आमच्या वस्तीत बारा-तेरा वर्षांची पोरं गुटखा खातात, काही सोल्युशन हुंगतात. व्यसनमुक्तीची व्याख्यानं त्यांनी शाळेत ऐकलेली आहेत. संध्याकाळी चढाई करायची म्हणून दुपारपासून पुडी न फोडणारी पोरं मी बघितली आहेत, आणि मैदान पावसात चिखलाने बंद राहिलं की महिनाभरात तीच पोरं पुन्हा टपरीवर गेलेलीही बघितली आहेत.

हे फक्त आमच्याच वस्तीतलं नाही. २००१ मध्ये नागपुरात विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनी झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना बघितली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला आणि वस्तीतली पोरं परदेशात खेळून आली. आमच्या खेळात धाराशिवच्या सारिका काळे आहेत. घरच्या हलाखीत, एका वेळच्या जेवणावर खेळ करून त्या भारताच्या कर्णधार झाल्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने सुवर्ण जिंकलं, त्या तालुका क्रीडा अधिकारी झाल्या, २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कारही मिळाला. आणि १९ जानेवारी २०२५ ला, रविवारी, दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा माझ्या सगळ्या मुली याच मैदानावर दोन मोबाइलभोवती दाटीने बसल्या होत्या. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं. कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. त्या रात्री या पोरी वस्तीत मिरवणुकीसारख्या फिरल्या. त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की आपण खेळतो तो खेळ टीव्हीवर दाखवण्याच्या लायकीचा आहे. आणि आता आपण त्यांच्या पायांखालचं मैदान काढून घेताय.

माझ्या तक्रारी स्पष्ट मांडते.

पहिली, आम्हाला कुणी विचारलं नाही. विकास आराखड्यात या जागेवर क्रीडांगणाचं आरक्षण आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आरक्षण बदलायचं तर हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. आपले अधिकारी मला म्हणाले, "आरक्षण कुठे बदललंय? टर्फ म्हणजेही खेळच." कागदावर त्यांचं बरोबर असेल. पण ज्यांच्यासाठी क्रीडांगण राखलं तेच जाळीबाहेर राहणार असतील, तर राखलं कुणासाठी? शिवाय शेजारच्या पालिकेच्या शाळेला स्वतःचं मैदान नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला खेळाचं मैदान सांगितलेलं आहे, आणि ती अट पूर्ण झाल्याचं दाखवताना शाळेच्या कागदांवर हेच मैदान लिहिलेलं आहे. एकाच मैदानाला एका विभागाच्या फायलीत शाळेचं मैदान म्हणायचं आणि दुसऱ्याच्या फायलीत पडीक, हे कसं चालेल?

दुसरी तक्रार सवलतीच्या वेळेची. आदेशात लिहिलं आहे, की रोज सकाळी सहा ते आठ स्थानिकांना मैदान मोफत राहील. हे लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण सकाळी सहाला आमच्या वस्तीत नळाला पाणी येतं. ते भरायचं काम मुलींचं. त्यानंतर धाकट्यांची शाळेची तयारी, स्वतःची शाळा. सकाळच्या सवलतीत आमच्यातली एकही मुलगी येऊ शकणार नाही.

तिसरी, अर्जांची. दोन वर्षांत मी पालिकेला तीन अर्ज दिले. तिन्हींवर आवक शिक्का आहे, उत्तर एकाचंही नाही. एक अर्ज हायमास्ट दिव्याचा. तो दोन पावसाळ्यांपासून बंद आहे. हिवाळ्यात सहालाच अंधार पडतो आणि मग आया मुलींना पाठवत नाहीत. त्यांचं काही चुकत नाही. दुसरा अर्ज स्वच्छतागृहाचा. मैदानाला लागून पालिकेनेच बांधलेलं स्वच्छतागृह आहे आणि त्याला कुलूप आहे. किल्ली कुणाकडे, ते आजवर कळलं नाही. सरावाच्या वेळी जायला लागू नये म्हणून मुली दुपारपासून पाणी पीत नाहीत. गेल्या मे महिन्यात एकीला चक्कर आली, ती यामुळेच. पाळीच्या दिवसांत निम्म्या मुली येतच नाहीत. तिसरा अर्ज रात्रीच्या दारुड्यांबद्दल होता. त्याचा उपयोग झाला तो एवढाच, की टिप्पणीत 'गैरप्रकार' हा शब्द आला आणि त्याची शिक्षा मुलींना झाली.

पालिकेला पैसा लागतो, हे मला कळतं. मी स्वतः तोट्यातल्या महामंडळात नोकरी करते. आदेशाप्रमाणे या ठेक्यातून पालिकेला वर्षाला सहा लाख मिळणार आहेत. पण दराने काय होतं ते मी माझ्या हातातल्या मशीनवर रोज बघते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. त्यानंतर माझ्या गाडीत बायका किती वाढल्या, हे माझ्यासारख्या प्रत्येक वाहकाला ठाऊक आहे. ज्या कधी तालुक्याला जात नव्हत्या त्या दवाखान्याला, माहेरी, कॉलेजला जायला लागल्या. आमच्या मुलीही त्यामुळेच परगावच्या स्पर्धांना जाऊ शकतात. दर अर्धा केला तर एवढ्या जणी घराबाहेर पडतात. मग जिथे आजवर काहीच दर नव्हता तिथे बाराशे लावल्यावर किती जणी घरात बसतील, याचा हिशेब त्या सहा लाखांशेजारी मांडलेला मला हवा होता.

मी टर्फच्या विरोधात नाही. शहरात नोकरदार मुलंही आहेत, त्यांनाही खेळायला जागा पाहिजे. आणि आमचा खेळ मातीतच राहावा असा माझा हट्टही नाही, विश्वचषक मॅटवर झाला. पण फुटबॉलच्या टर्फवर खांब पुरता येत नाही आणि सूर मारला की गुडघ्या-कोपरांची सालं निघतात. खो-खोला २७ बाय १६ मीटरची जागा, दोन खांब आणि चुन्याची फक्की लागते. एवढ्याच जागेसाठी मी भांडते आहे.

आमचं मागणं असं आहे. ठेक्याचा आदेश तूर्त स्थगित करावा आणि सुनावणी आमच्या वस्तीत, संध्याकाळी सातनंतर घ्यावी, म्हणजे कामावरून आलेल्या आयांनाही बोलता येईल. टर्फ करायचंच असेल तर ते मैदानाच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागात करावं. टाकीकडचा अर्धा भाग खो-खो आणि कबड्डीसाठी कायम मोकळा ठेवावा आणि संध्याकाळी पाच ते साडेसात ही वेळ वस्तीतल्या मुलामुलींसाठी विनाशुल्क असल्याचं करारात लेखी यावं. ठेकेदाराच्या किंवा पहारेकऱ्याच्या मर्जीवर ते सोडू नये. दिवा आणि स्वच्छतागृह या दोन गोष्टींना कुठल्याही धोरणाची गरज नाही, त्या पंधरा दिवसांत व्हाव्यात. माझ्यानंतर मुलींना शिकवायला आमच्यातल्याच दोघी तयार आहेत. त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च पालिकेने क्रीडा विभागातून करावा. आणि टिप्पणीतलं ते वाक्य बदलावं. ठेका राहिला काय, गेला काय, त्या कागदावर 'वापराविना पडीक' असं राहता कामा नये. उद्या आणखी कुणी अधिकारी ती फाइल उघडेल आणि त्याला आमच्याबद्दल तेवढंच कळेल.

साहेब, एकदा स्वतः या. कळवून यायची गरज नाही, सत्कार-बित्कार काही ठेवणार नाही. रविवार सोडून कुठल्याही दिवशी, फक्त साडेअकराला नको, साडेपाचला या. त्या वेळी काचा वेचून झालेल्या असतात आणि मुली चौकोनांत बसलेल्या असतात.

आपली नम्र,
एक एसटी वाहक, या मैदानाची जुनी खेळाडू